शिंदीस छेद केव्हां द्यावा ?

दिवाळी जवळ आली म्हणजे ज्यांच्या बांधावर किंवा ओढ्याच्या कांठीं शिंदीचीं झाडें आहेत अशा शेतकऱ्यांकडे नीरेचे मक्तेदार येऊं लागतात. झाडागणिक अमुक रुपये, मुदत अमुक महिने, असा सौदा ओट्यावर बसून ठरतो, कागदावर सही होते, आणि त्यानंतर पहिला छेद केव्हां द्यावा, शेवटचा केव्हां द्यावा, मध्यें विसावा किती द्यावा, ह्याचा विचार करण्याचें काम मालकाकडे राहत नाहीं. आमच्या मतें मूळ चूक येथेंच होते. झाड कोणीं छेदावें हा प्रश्न दुय्यम आहे. केव्हां छेदावें हा मुख्य आहे. त्याचा निर्णय मक्त्याच्या तारखेवर किंवा शहरांतील गिऱ्हाइकाच्या तहानेवर न सोडतां थंडी आणि झाड ह्या दोहोंवर सोडला पाहिजे, हें सांगण्याकरितां हा लेख लिहिला आहे.

प्रथम शिंदीच्या झाडाची घडण ध्यानांत घेतली पाहिजे. आंबा, बाभूळ, लिंब इत्यादि झाडांच्या सालीखालीं लांकूड वाढविणारा एक जिवंत थर असतो. त्यामुळें त्यांस कुऱ्हाडीचा घाव लागला तरी कांहीं वर्षांनीं जखम कडेनें मिटत येते. शिंदी, ताड, माड ह्या झाडांस तसा थर नाहीं. त्यांस फांद्या नाहींत; शेंड्यावर एकच कोंब असतो, आणि तो मेला कीं झाड मेलें. खोडास एकदां पडलेली खांच जन्मभर तशीच राहते. त्यांतही माड व ताड ह्यांचा रस फुलोऱ्याच्या पोयींतून काढतात, म्हणून खोडास धक्का लागत नाहीं. शिंदीचा रस मात्र शेंड्याखालच्या कोंवळ्या खोडास तासून काढावा लागतो. छेद कोंबापासून वीतभर अंतरावर चालतो, आणि जो रस मडक्यांत पडतो तो पानांनीं तयार केलेला, कोंबाच्या पोषणाकरितां वर निघालेला गोड आहार असतो. म्हणून माडाचा नियम शिंदीस लावणें हें गाईचा चारा शेळीस मोजून घालण्यासारखें होईल.

परदेशांतही हाच प्रश्न वेगळ्या रूपानें पडतो, तो येथें सांगण्यासारखा आहे. अमेरिकेंतील व्हरमाँट आणि कॅनडांतील क्वेबेक ह्या थंड प्रांतांत मेपल नांवाचें मोठें झाड होतें. तेथील पुष्कळ शेतकरी परसांतील दोनचार मेपलांस भोंक पाडून रस काढतात व तो आटवून पाक करतात. त्या रसांत साखर शेंकडा दोन भागांच्या आसपासच असल्यामुळें एक लिटर पाकास सुमारें चाळीस लिटर रस लागतो. हा रस लांकडांतून येतो. रात्रीं पाणी गोठेल इतकी थंडी आणि दिवसा बर्फ वितळेल इतकी ऊब, असा फेर सुरू झाला म्हणजेच तो वाहूं लागतो. हा काळ बहुधा फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंतचा. परंतु घाई करून आधींच भोंक पाडलें तर खरा हंगाम येईपर्यंत तें सुकूं लागतें, आणि उशीर केला तर चांगला रस हातचा जातो. झाडाच्या कळ्या फुगूं लागल्या कीं रसाची चव बिघडते, आणि त्याबरोबर काम बंद होतें. बारीक बुंध्याच्या झाडास हात लावीत नाहींत, आणि दरवर्षीं नवें भोंक जुन्यापासून दूर पाडतात. ज्याची जखम भरून येते त्या झाडाविषयीं हे लोक इतकी काळजी घेतात. मग ज्याची जखम कधींच भरत नाहीं त्या झाडाविषयीं आपण किती घ्यावी, ह्याचा विचार वाचकांनींच करावा.

इतकें दूर जाण्याचेंही कारण नाहीं. आपल्याच देशांत बंगालनें ह्या शिंदीवर मोठा धंदा उभा केला. जेसोर जिल्हा आतां बांगलादेशांत आहे. तेथील ब्रिटिश अमदानींतील जिल्हाधिकारी वेस्टलंड ह्यांनीं १८७१ सालच्या आपल्या अहवालांत खजुरीची लागवड व तिच्या रसाची साखर ह्यांचें सविस्तर वर्णन केलें आहे. तेथें हें झाड मुद्दाम लावतात, आणि जमीन चांगली असल्यास पांच ते सात वर्षांचें झाल्यावर त्यास हात लावतात. पावसाळा सरल्यावर शेंड्याखालची एका बाजूची पानें काढून जागा साफ करतात आणि ती कांहीं दिवस तशीच सुकूं देतात. त्यानंतर तासून, खांचेच्या तळाशीं बांबूची पन्हळ ठोकून, सायंकाळीं मडकें बांधतात व सूर्योदयापूर्वी उतरवितात. तीन रात्रीं रस घेतला कीं तीन दिवस झाडास विसावा, ही तेथील जुनी वहिवाट आहे. विसाव्यानंतरच्या पहिल्या रात्रीच्या रसास ते 'जिरान' म्हणतात, म्हणजे विश्रांतीचा रस. तो सर्वांत निर्मळ व गोड. दुसऱ्या रात्रीचा त्याहून हलका, तिसऱ्याचा आणखी हलका. एका वर्षीं एका बाजूस छेद दिला तर पुढल्या वर्षीं समोरच्या बाजूस देतात. त्यामुळें तेथील जुन्या झाडांचीं खोडें नागमोडी दिसतात, आणि खांचा मोजून झाड किती वर्षें छेदलें गेलें हें सांगतां येतें. तेथील हंगाम कार्तिकाच्या सुमारास सुरू होऊन थंडीबरोबर संपतो. उन्हाळ्यांत रस मिळत नाहीं म्हणून तेथें कोणी हळहळत नाहीं. हिवाळ्यांत केलेला गूळ हेंच तेथील उत्पन्न.

आतां आपल्या देशावरील स्थितीकडे वळूं. आमची नोकरी महसूल खात्यांत कारकुनीची झाली, आणि पाहणीच्या निमित्तानें पुष्कळ ओढेनाले आम्हीं पायांखालीं घातले. आपल्याकडील शिंदी बहुधा कोणीं लावलेली नाहीं. ओलसर, सखल, कित्येक ठिकाणीं खारवट जागीं ती आपोआप उगवते. तिला खत नाहीं, पाणी नाहीं, आणि राखणही नाहीं. अशा झाडाची वाढ बंगालच्या लागवडीच्या झाडापेक्षां मंद असणार, म्हणून त्याच्या वयाचा हिशेब वर्षांनीं न करतां बुंध्यानें करावा. शेंडा सोडून नुसतें खोड निदान कमरेइतकें उंच झाल्याशिवाय त्यास छेद देऊं नये, असें आमचें मत आहे. शिंदीमध्यें नर व मादी अशीं निरनिराळीं झाडें असतात. रस दोहोंसही येतो, तेव्हां त्यावरून निवड करण्याचें कारण नाहीं. निवड करावयाची ती पानांवरून. शेंडा भरगच्च व हिरवा असेल तेंच झाड घ्यावें.

ह्याच ठिकाणीं केरसुणीचा विषय येतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं जी केरसुणी आपण लक्ष्मी म्हणून पुजतों, ती बहुतेक ठिकाणीं शिंदीच्या पानांचीच असते. त्यामुळें दिवाळीपूर्वीं महिना दीड महिना झाडांचीं पानें तोडलीं जातात, आणि लागलीच दिवाळीनंतर त्याच झाडांस रसाकरितां छेद दिला जातो. साखर पानांत तयार होते. पानेंही घ्यावयाचीं आणि पानांची कमाईही घ्यावयाची, हा व्यवहार एका हंगामांत एकाच झाडाशीं करूं नये. केरसुणी करणाऱ्यांचें पोट त्या धंद्यावर आहे, तेव्हां त्यांस नकार देण्याचेंही कारण नाहीं. काठावर वीस झाडें असतील तर दहा पानांकरितां व दहा रसाकरितां अशी वांटणी आधींच सांगून ठेवावी, आणि पुढल्या वर्षीं ती उलट करावी.

आरंभ केव्हां करावा ? पाऊस पूर्ण उघडला पाहिजे. ओल्या हवेंत ताजी जखम लवकर सुकत नाहीं, ती कुजण्याची भीति असते, आणि ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येऊन खोडांत अंडीं घालतो. त्याच्या अळीनें गाभा पोखरला कीं झाड वांचविणें कठीण. म्हणून दिवाळी झाल्यावर जागा साफ करावी, आठपंधरा दिवस ती सुकूं द्यावी, आणि पहांटे गवतावर दंव पडूं लागलें, अंगावर घोंगडी घेतल्याशिवाय झोंप येईना, म्हणजे पहिला छेद द्यावा. मार्गशीर्ष, पौष व माघ हे तीन महिने देशावर शिंदीचे खरे महिने होत. त्यांतही आकाश निरभ्र असलेली थंड रात्र उत्तम. आभाळ आलें असेल त्या रात्रीं मडकें न बांधलेलेंच बरें.

शेवट केव्हां करावा हें रस स्वतःच सांगतो. धुऊन, शेकून, आंतून चुना लावलेल्या मडक्यांत सूर्योदयाच्या वेळीं रस पाण्यासारखा स्वच्छ दिसला तर हंगाम चालू आहे असें समजावें. तसल्याच मडक्यांत तो पांढुरका दिसूं लागला, वर फेंस धरूं लागला, आणि असें दोनतीन दिवस लागोपाठ झालें, म्हणजे ऊन वाढलें असें समजून कोयता उतरवावा. होळी जळाली कीं थंडी पळाली, असें आपले लोक म्हणतात. त्या दिवसानंतर शिंदीस एकही छेद देऊं नये. उन्हाळ्याच्या तोंडीं झाडास फुलोरा येतो, जमिनींतील ओल उतरते, आणि पुढचे तीन महिने त्यास स्वतःच्या सांठ्यावर काढावयाचे असतात. अशा वेळीं त्याच्या तोंडचा घांस काढणें म्हणजे दुष्काळांत बियाणें दळून खाणें होय.

ह्यावर मक्तेदारांचा आक्षेप ठरलेला आहे. ते म्हणतात, नीरा लोक उन्हाळ्यांत पितात. पौषांत कांकडत असतां थंड नीरेस विचारतो कोण? ह्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. चैत्र-वैशाखांत शहरांतील रस्त्यावर नीरेस जी मागणी असते ती पौषांत नसते. परंतु मागणी चैत्रांत आहे म्हणून रसही चैत्रांतच काढला पाहिजे असें होत नाहीं. ज्वारी आपण माघ-फाल्गुनांत काढतों आणि वर्षभर खातों. शिंदीच्या रसांत साखर शेंकडा दहाबारा भाग असते. म्हणजे सुमारें दहा लिटर रसास एक किलोच्या जवळपास गूळ पडतो. मेपलाच्या रसाशीं तुलना केली तर सर्पण किती थोडें लागतें हें दिसून येईल. १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें वर्ध्याहून ताडगुळाचा जो पुरस्कार केला, आणि पुढें खादी व ग्रामोद्योग आयोगानें जो चालविला, त्याचें मर्म हेंच होतें. हिवाळ्याचा रस हिवाळ्यांतच आटवून ठेवला तर तो उन्हाळ्यांत सरबतास उपयोगीं पडतो. कोणी म्हणेल कीं आतां बर्फ व शीतपेट्या आल्या आहेत, उन्हाळ्यांतील रसही टिकवितां येतो. खरें आहे, परंतु त्यानें रस टिकतो, झाड टिकत नाहीं.

झाडाचा विचार न करतां मुदतीचा विचार करण्याची ही खोड आजची नव्हे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याच्या अमलांत छेदल्या जाणाऱ्या झाडांवर झाडागणिक कर असे. ज्यानें झाडाचे पैसे आगाऊ भरले तो त्यांतून होईल तितका रस काढूं पाहणार हें उघड आहे. पुढें १९४९ चा दारूबंदी कायदा आला, न आंबलेली नीरा ताडीपासून वेगळी मानली गेली, आणि परवान्यावांचून ह्या झाडांस छेद देतां येत नाहीं असा निर्बंध राहिला. परंतु मालक आणि मक्तेदार ह्यांच्यामधील सौदा मात्र अजून त्या जुन्या कराच्याच धर्तीवर होतो. आमच्या पाहण्यांतील एका गांवीं ओढ्याच्या वळणावर तीसपस्तीस शिंदी ओळीनें उभ्या होत्या. मालकानें त्या सलग मुदतीच्या मक्त्यानें दिल्या. पहिल्या वर्षीं पैसे बरे आले. दुसऱ्या वर्षीं दोन्ही बाजूंस छेद पडले आणि काम ऐन उन्हाळ्यापर्यंत चाललें. तिसऱ्या पावसाळ्यानंतर निम्म्याहून अधिक शेंडे मान टाकून उभे होते. पुढें तीं खोडें पडलीं, त्यांच्या मुळांनीं धरून ठेवलेला कांठ मोकळा झाला, आणि एका मोठ्या पुरानें आंतील मळईची चांगली पट्टी खरवडून नेली. मक्त्याचे पैसे दोन वर्षांत खर्च झाले; गेलेली जमीन सातबाऱ्यावर अजून पूर्वीइतकीच आहे, परंतु नांगर तेथें चालत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी कीं झाडें मक्त्यानें द्यावयाचीं असल्यास करारनाम्यांत पांच गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्या. पहिली, कोणत्या झाडांस हात लावावयाचा तीं मालकानें स्वतः खुणेनें दाखवावीं, आणि लहान बुंध्याचीं व पानें तोडलेलीं झाडें वगळावीं. दुसरी, दिवाळीपूर्वी आरंभ नाहीं व होळीनंतर छेद नाहीं. त्याच्याही आधीं रस फेंसाळूं लागल्यास काम थांबवावें. तिसरी, तीन रात्रीं रस व तीन दिवस विसावा. चवथी, एका हंगामांत एकाच बाजूस छेद, आणि निम्मीं झाडें आळीपाळीनें वर्षभर मोकळीं. पांचवीं, ह्या अटी मोडल्यामुळें झाड मेल्यास त्याची भरपाई. असा कागद करणारा मक्तेदार थोडे कमी पैसे देईल, हें आम्हांस माहीत आहे. परंतु दोन वर्षें चढा भाव घेण्यापेक्षां वीस वर्षें बेताचा घेणें हेंच शेतकऱ्याच्या हिशेबास धरून आहे. परवान्याचा अर्जही पावसाळ्यांतच करावा. तो उशिरां केला म्हणजे परवाना हातीं येईपर्यंत थंडी अर्धी सरते, आणि मग ती तूट उन्हाळ्यांत भरून काढण्याचा मोह होतो. झाडांवर ओढवणारे पुष्कळसे अनर्थ अशा उशिरांतून निघतात.

आणखी एक सावधगिरी अलीकडच्या अनुभवानें शिकविली आहे. बांगलादेशांत २००१ सालापासून निपाह नांवाचा प्राणघातक ताप वारंवार आढळला, आणि शिंदीचा कच्चा रस पिणें हें त्याचें एक प्रमुख कारण असल्याचें दिसून आलें. रात्रीं वटवाघळें छेदावर व पन्हळीवर येऊन रस चाटतात, आणि त्यांची लाळ व मूत्र त्यांत मिसळतें. तेथें छेद, पन्हळ व मडक्याचें तोंड बांबूच्या विणलेल्या झांपेनें झांकल्यावर वटवाघळांचा उपद्रव टळतो असें आढळलें. आपल्याकडे नीरा न उकळतांच पितात. म्हणून मडकें बांधतांच, दिवस मावळण्यापूर्वी, अशी झांप घालणें हें रस काढणाऱ्याचें कर्तव्य समजलें पाहिजे. गुळाकरितां जो रस चांगला उकळला जातो त्यास ही भीति राहत नाहीं. हिवाळी गुळाच्या बाजूनें हें आणखी एक कारण आहे.

ओढ्याकांठची शिंदी कोणीं लावली नाहीं, म्हणून तिची किंमत नाहीं, असा समज आपल्या लोकांत आहे. परंतु जें झाड कोणीं लावलें नाहीं तें गेल्यावर पुन्हां लावण्याचेंही कोणाच्या मनांत येत नाहीं, हेंही तितकेंच खरें आहे. येत्या दिवाळीस मक्तेदार ओट्यावर येऊन बसेल तेव्हां भावाची गोष्ट निघण्यापूर्वी मालकानें त्यास बरोबर घेऊन ओढ्यावर जावें, एकेक झाडाचा शेंडा पाहावा, जुन्या खांचा मोजाव्या, आणि कोणतें झाड ह्या वर्षीं छेदावयाचें व कोणतें नाहीं हें तेथेंच सांगावें. कागद त्यानंतर करावा. इतकें झालें तरी आमच्या लिहिण्याचें सार्थक होईल.